आराम पडेल

शिंप्याने बायकोचा गाऊन पुन्हा शिवणीत आत घेऊन आणला होता. दवाखान्यात आल्यापासून ती नुसती वाळतच चालली होती. कापड मात्र त्याने कापलं नव्हतं. शिवणीच्या आत जादा कापडाची चांगली ऐसपैस माया सोडली होती. बायको परत अंगाने भरली की उसवायला सोपं.

"चला, उठा आता," त्याने गाऊन खाटेवर ठेवला. "आराम पडतोय ना? मग लोळत काय राहायचं. दारापर्यंत जाऊन येऊ." रोज तो असाच हात धुऊन मागे लागायचा आणि रोज ती उठायची.

सलाइन बदलायला आलेली नर्स नवी होती. "आजोबा, कशाला दामटताय त्यांना? गाठीवरचं औषध तर केव्हाच बंद केलंय. हे आता आराम पडावा म्हणून."

"तेच म्हणतोय मी. आराम पडतोय."

"दुखू नये म्हणून हो. बरं व्हायचं औषध नाही ते." नर्सने खिडकीपाशी बसलेल्या लेकीकडे पाहिलं आणि ट्रे उचलून निघून गेली.

"तू म्हणालीस, आराम पडेल," तो लेकीला म्हणाला.

"डॉक्टर तेच म्हणाले, बाबा. मी पदरचं काही घातलं नाही."

"मी काय समजलो, ते कळत होतं तुला?"

लेक खाली बघत राहिली. "कळत होतं."

लेकीचा इतका राग त्याला कधीच आला नव्हता. चालत नाही म्हणून बायकोला तो आळशी म्हणाला होता. ताटात टाकलं म्हणून अबोला धरला होता. ती जाणार आहे हे ठाऊक असतं, तर तो नुसता शेजारी बसून राहिला असता.

"आणि तुला?" त्याने बायकोला विचारलं.

"मीच तिला म्हटलं, सांगू नकोस. तुम्ही हाय खाल्ली असती."

"म्हणजे दोघींनी मिळून मला वेड्यात काढलंत."

त्याने खिशातली कात्री काढली आणि गाऊन उलटा केला. "ही माया कापून टाकतो. आता काय उपयोग तिचा."

बायकोने शिवणीवर हात ठेवला.

"टोचते खरी," ती म्हणाली. "कुशीवर वळलं की फारच. पण राहू द्या."