भिंगरीचा राहिलेला धडा

आतून टॅबचा आवाज आला, तशा शाळेच्या बाई दाराबाहेरच थबकल्या.

“थोडंसं चुकलं, भिंगरी. चल, पुन्हा करून बघू.”

भिंगरीला जाऊन दोन महिने होत आले होते. तापाचं निमित्त झालं आणि पोर हाती लागली नाही.

पायरीवर तिची आई दाराकडे पाठ करून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाईंना बघून तिने ढीग बाजूला ओढला आणि वाट करून दिली.

“ते न्यायला आलात ना? न्या बाई, एकदाचं घेऊन जा,” ती म्हणाली. “हे रोज कामावरून येतात, हातपाय धुतात आणि तेच घेऊन बसतात. मला नाही ऐकवत तिचं नाव त्या आवाजात.”

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. सरकारने शाळेतल्या प्रत्येक मुलाला टॅब दिला होता. घरी कोणी धडा पूर्ण केला की सकाळी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा. भिंगरीचं नाव तिथून काढायला बाईंचा हात धजला नव्हता. पंधरवड्यापूर्वी एका सकाळी त्यांनी पडदा लावला, तर त्या नावापुढे हिरवा ठिपका.

“बाई, भिंगरीने गृहपाठ केला,” पहिल्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं. वर्गात कुणी हसलं नाही.

तरी बाईंनी टॅब परत मागितला नव्हता. काल मात्र तो ठिपका मुख्याध्यापकांच्या नजरेला पडला. “घरातलं कुणीतरी खेळत असणार. टॅब परत घेऊन या, बाई. ती नवीन आलेली मुलगी शेजारणीच्या टॅबमध्ये डोकावून डोकावून मान वाकडी करून घेतेय.” तेही खोटं नव्हतं.

आत एकच खोली होती. भिंतीला टेकून भिंगरीचे वडील बसले होते. गवंडीकाम करणारा माणूस. हातपाय धुतले तरी नखांच्या कडांना सिमेंट तसंच होतं. मांडीवर टॅब. बाईंना बघताच चोरी पकडल्यासारखे ते धडपडून उठायला लागले.

“बसा, भिंगरीचे बाबा.” बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्यांना दुसरी कशी हाक मारायची तेही सुचेना. त्या समोर सतरंजीवर बसल्या.

“मी खेळत नव्हतो, बाई,” ते म्हणाले. “संध्याकाळ झाली की हे आपणहून बोलायचं. ‘भिंगरी, तुझा धडा राहिलाय. येतेस ना?’ रोज तेच. आठ-दहा दिवस ऐकून घेतलं. बंद करून ठेवता आलं असतं, नाही असं नाही. पण ते तिची वाट बघत होतं हो. आल्यागेल्या सगळ्यांना मीच सांगितलं, ती गेली म्हणून. याला काही सांगवेना. मग म्हटलं, आपणच बसू.”

“आणि जमलं?”

“कसलं जमतंय! माझी शाळा तिसरीतच सुटलेली. जोडाक्षर आलं की आपलं घोडं अडलंच. सुरुवातीला तर सगळं लाल. पोरीचं नाव खराब करत होतो.” ते ओशाळं हसले. “ती असती तर म्हणाली असती, बाबा, तुम्ही आपल्या भिंतीच बांधा.”

बाईंनाही हसू आलं. बाहेर कपडे झटकण्याचा आवाज थांबला.

“आता कितवा धडा?”

“शेवटचा आहे म्हणे या भागातला. एवढा पुरा करू द्या. मग न्या.”

बाईंनी चष्मा लावला आणि त्या जवळ सरकल्या, जन्मभर पोरांजवळ सरकत आल्या तशाच. पडद्यावर एक चित्र होतं आणि खाली तीन शब्द. भिंगरीचे वडील ओठ हलवत एकेक अक्षर लावत होते. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. चुकू दिलं, पुन्हा वाचू दिलं. शब्द सापडला की ते बोट दुमडायचे आणि दारावर टकटक करावी तसं पेराने काचेवर ठोकायचे.

बाई बघत राहिल्या, तसे ते म्हणाले, “बोटांची टोकं सिमेंटने खाल्लीत. काचेला कळतच नाही कुणी हात लावलाय ते. पेराने ठोकलं की कळतं.”

शेवटचा शब्द पहिल्याच फटक्यात बरोबर आला.

“शाब्बास, भिंगरी!” टॅब म्हणाला. पडद्यावर रंगीत फुगे उडाले. “सगळे धडे झाले. उद्या नवा भाग सुरू करू या?”

खाली दोन चौकोन उमटले. एकात ‘हो’, दुसऱ्यात ‘नाही’.

भिंगरीची आई दारात येऊन उभी राहिली होती. हातातल्या टॉवेलची घडी अर्धवट राहिलेली.

“अहो,” ती एवढंच म्हणाली.

भिंगरीच्या वडिलांनी मान डोलावली. ‘नाही’वर बोट टेकवलं. काचेला कळलं नाही. पुन्हा टेकवलं. पुन्हा.

पेराने ठोकायला हवं, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं. तरी ते बोटाचं टोकच टेकवत राहिले.