पाण्याबाहेर ठेवलेला ऱ्हायझोडस

मासळीच्या तळ्यावरच्या साहेबानं बजावलं होतं, "चांगुणाबाई, हा ऱ्हायझोडस मासा तेहतीस कोटी वर्षांपूर्वी संपलेला. आम्ही परत जन्माला घातलाय. पिल्लू असलं तरी इथंच मारून न्या."

"तेहतीस कोटी? देवांच्या गावचा दिसतोय! साहेब, आमच्या घरात जित्या मासळीवर कोयता चालत नाही. पाण्याबाहेर ठेवली की आपली आपण मरते. मला मासळी शिकवू नका."

हातभर लांबीचा मासा तिनं पाटीत घालून घरी आणला, पाटी ओट्यावर उन्हात ठेवली आणि ती मसाला वाटायला बसली.

दुपारी सून रत्नप्रभा ओरडली, "आये, पाटी रिकामी हाय!"

"मांजरानं नेला असेल. तुझं ध्यान असतं कुठं?"

पण ओट्यावरून घरात चिकट माग गेला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना पर टेकल्याचे ठसे होते. आतल्या खोलीत चटईवर सहा महिन्यांचा नातू झोपला होता.

चांगुणा धावली. जाड परांवर उभा राहून, दातेरी जबडा वासून, मासा बाळाच्या पायांशी श्वास घेत होता. तिनं बाळाला ओढून उचललं आणि ती पलंगावर चढली. मासा सावकाश वळला. पलंगाच्या खुराला पर टेकून तो वर बघू लागला.

साठ वर्षं मासळी विकलेली चांगुणा बाळाला घेऊन भिंतीपर्यंत मागं सरकली.

"रत्ने," ती ओरडली, "साहेबाला फोन लाव. विचार त्याला, हा मरतो कसा?"