सात नंबर

रक्त तपासायच्या प्लेटमधल्या सातव्या खळग्यातला पिवळा रंग शेजारच्या खळग्यांहून गडद होता. रंग जितका गडद, तितकं रक्तात एक ठरावीक प्रथिन जास्त, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते वाढतं. पण ही ओळ रुग्णांची नव्हती. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांची होती.

निरोगी रक्त प्रयोगशाळेतलेच लोक द्यायचे. नळीवर नाव नाही, नुसता नंबर. सात नंबर कुणाचा हे फक्त हेमलताला ठाऊक होतं, कारण चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या होत्या.

असं तिसऱ्यांदा झालं होतं. आधीच्या दोन्ही वेळा तिने वहीत 'पिपेटची चूक' असं लिहिलं. तिचा हात वीस वर्षांत कधी चुकला नव्हता. प्रथिन दुसऱ्या कारणानेही वाढतं, खरं काय ते स्कॅनमध्येच कळेल, हे तिला माहीत होतं. तोच स्कॅन ती दिवाळीपासून टाळत होती, खोकला रुमालात दाबून.

इनामदार सर मागे येऊन उभे राहिले. "पुन्हा सात? हेमाताई, हे निरोगी रक्त विडीच्या कारखान्यातून आणलंत की काय?" ते हसले. "काढून टाका तो. एका नमुन्यापायी सगळी सरासरी बिघडते."

तिने पेन उचललं. सातवर काट मारायला गेलेला हात कागदाच्या वरच थांबला.

"नको, सर," ती म्हणाली. "चूक झालेली नाही. सात नंबर माझा आहे. मला आजच स्कॅन करून घ्यायचाय."