जे काय ते गाडीत

गाडीचं दार लागलं की भांडण सुरू व्हायचं आणि पुढच्या जुन्या घराच्या फाटकापाशी थांबायचं. नियम नवऱ्याचा होता. सकाळी पहिल्याच घराच्या दिवाणखान्यात त्याचा आवाज चढला आणि घर बघायला आलेले बाकीचे लोक माना वळवून बघायला लागले. तेव्हा त्याने दातओठ खात बजावलं, आत एक अक्षर नाही, जे काय ते गाडीत.

भांडणाचं कारण एकच. बायकोची आई एकटी पडली होती आणि बायकोला तिला आपल्या घरी आणायचं होतं. नवरा ऐकत नव्हता. पावसात निवांत चार जुनी घरं बघू, तुझं डोकं ठिकाणावर येईल, असं म्हणून तोच तिला घेऊन निघाला होता. रस्त्यात काचा बंद, वायपर चालू आणि दोघांची तोंडं त्याहून जोरात. म्हातारीचं कोण करणार इथपासून तिच्या सगळ्या खानदानापर्यंत उद्धार झाला.

तिसऱ्या घरात शिरताच दोघं एकदम गोड. काय नक्षी आहे, तो म्हणे. सुरेख, ती म्हणे. असं समजूतदार जोडपं बघून घर दाखवणारा गाइड खूश झाला आणि त्याने एरवी बंद असलेली मागची खोली त्यांच्यासाठी परसातल्या दाराने उघडली. मालकीणबाईंची आई इथे राहायची, तो सांगू लागला. इथून घरात जायचं हे दार मालकांनी विटा रचून बुजवून टाकलं. जेवणाचं ताट या झरोक्यातून आत सरकवायचे.

बायको त्या विटांकडे बघत राहिली. नवऱ्याने वाकून झरोका न्याहाळला.

"सोय झकास आहे," तो म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नियम म्हणजे नियम. आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "मी आईकडे राहायला जातेय. परत येणार नाही."

नवरा लालबुंद झाला. पण गाइड शेजारीच उभा होता.

"गाडीत बोलू," तो कसंनुसं हसत म्हणाला.

ती गाइडकडे वळली. इथून बस कुठे मिळते, तिने विचारलं.

"बस कशाला ताई? बाहेर तुमची गाडी आहे ना?"

"ती यांची आहे," ती म्हणाली.