मंगळावरून आलेलं नाव

मंगळावरच्या वस्तीचं नभोनाट्य रेडिओवर वर्षभर चाललं. औशाच्या गुरुबसप्पांनी दर भागानंतर केंद्राला लांबलचक पत्र धाडलं. पत्रोत्तरांच्या कार्यक्रमात त्यांचं नाव एकदाही वाचलं गेलं नाही. शेवटच्या भागानंतर त्यांच्या बायकोनं, उमादेवींनीही एक कार्ड टाकलं.

"तुला त्यातलं काय कळतंय?" ते हसले होते.

पुढच्या रविवारी त्या कार्यक्रमात निवेदिका वाचू लागली, "नव्यानं झालेल्या लातूर जिल्ह्यातल्या औशाहून उमादेवी गुरुबसप्पा हलकुडे लिहितात : वर्षभराचं सगळं पटलं. फक्त मंगळावर पाण्याचा टँकर सांगितलेल्या वेळेला येतो, तेवढं पटलं नाही."

रिकाम्या घागरी घेऊन बसलेली गल्ली खदखदून हसली.

"माझं न्हाई वाचलं," गुरुबसप्पा पुटपुटले.

"वाचलं की वो," उमादेवी म्हणाल्या. "माझ्या नावाच्या पाठीमागं आलं बघा."