भाग्याचा तीळ

“बाहेर उन्हात तासन्‌तास लोळतात, त्याला बंदी नाही. आपल्याच पोटावर पाय,” श्रीरंग बायकोजवळ करवादला. मेलबर्नमधल्या त्यांच्या टॅनिंग सलूनमधून कातडी रापवणारी मशीन बाहेर नेली जात होती. कातडीचा कॅन्सर होतो म्हणून कायद्याने ती बंद केली होती. “आणि हेमांगी, तुला काहीच वाटत नाही? गोऱ्या बायका तुझा रंग मागायला येतात, याचं तुलाच तर कौतुक होतं.”

हेमांगीला एमिली आठवत होती. लग्नाआधी सावळं व्हायचं म्हणून ती पोरगी नेमाने यायची. एकदा तिच्या खांद्यावर नवा काळा तीळ दिसला. “डॉक्टरला दाखवू का?” तिने विचारलं. हेमांगी लाडाने म्हणाली होती, “अगं, आमच्यात खांद्यावरचा तीळ भाग्याचा मानतात. राहू दे.”

तेवढ्यात एमिलीची आई आत आली. तिने हेमांगीचा हात हातात घेतला.

“एमिली गेल्यावर या कायद्यासाठी मी दारोदार फिरले. तुमचं दुकान बुडणार, हे कळत होतं. मला माफ करा.”

श्रीरंग वरमला. “तुमची काय चूक त्यात?” म्हणत त्याने खुर्ची पुढे केली.

हेमांगीला तिच्या हातातून आपला हात काढून घ्यायचा होता.