पुढच्या खेळाला

खेळ संपला, दिवे लागले, माणसं जांभया देत बाहेर पडली, तरी आई खुर्चीतून उठेना.

"चल की," भिंगरी म्हणाली. नाटक कंपनीच्या जाहिरातींवर तिचं हेच नाव असे.

"पण तू नाचलीस कुठे?"

भिंगरीने कपाळाला हात लावला. नाटकांत नाचण्यात तिची अर्धी उमर गेली होती. ती रंगमंचावर आली की थिएटर शिट्ट्यांनी दणाणून जायचं. आईने मात्र तिला एकदाही नाचताना पाहिलं नव्हतं. दादाला ते खपत नसे आणि आई दादाच्या शब्दाबाहेर नव्हती. म्हणून तर भिंगरीने सिनेमात काम घेतलं; नाटक रात्रीचं, सिनेमा दुपारीही लागतो. आज "आईचे डोळे तपासून आणते," अशी दादाला थाप मारून ती आईला दुपारच्या खेळाला घेऊन आली होती. आणि गाण्यात काय, तर हिने गिरकी घेतली रे घेतली की पडदाभर हिरोचं तोंड. मान डोलावतंय, गालातल्या गालात हसतंय. नाचून नाचून टाचा सोलल्या हिच्या आणि दिसतो कोण, तर हा ठोंब्या. ज्याने फिल्म कापली त्याचे कान उपटावेत, असं तिला वाटत होतं.

"तो मेला सारखा मध्ये येत होता," आई म्हणाली. "मी वाकूनसुद्धा पाहिलं."

ते भिंगरीने पाहिलं होतं. पुढच्या प्रेक्षकाचं डोकं आड यावं तशी आई घडीत डावीकडे झुकत होती, घडीत उजवीकडे.

"पुढच्या खेळाला होईल बाजूला. बसू आपण."

"आई, हे नाटक नाही. तो बाजूला होत नसतो. उद्याही तिथेच असणार, परवाही तिथेच."

"कोणी सांगितलं नसेल त्याला. तू सांग."

"कोणाला सांगू? पडद्याला?"

आईने पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"दादा घरी येईल आता," भिंगरी म्हणाली.

"येऊ दे. डॉक्टरकडे गर्दी होती म्हणू."

भिंगरी चरफडत गेली आणि पुन्हा तिकिटं काढून आली.

दिवे गेले. थोड्या वेळाने गाणं लागलं. पडद्यावरच्या भिंगरीने हात उचलले, गिरकी घ्यायला पाऊल टाकलं आणि हिरोचं तोंड आलं. आई लगेच डावीकडे झुकली.

भिंगरीचं डोकं फिरलं. तिने चपला काढल्या. पडद्यावर तो मान डोलावत राहिला आणि इथे खुर्चीत बसल्या बसल्या तिचे पाय खालच्या लाकडी फळ्यांवर पडू लागले. कापून टाकलेलं एकेक पाऊल, जसंच्या तसं. आईने पडद्यावरची नजर काढून खाली वळवली, पण अंधारात तिला काही धड दिसेना. मागून कोणीतरी "शुक शुक" केलं. शेवटी डोअरकीपर बॅटरी घेऊन आला.

"काय चाललंय बाई? लोकांना ऐकू येत नाही." बॅटरीचा झोत भिंगरीच्या अनवाणी पायांवर पडला. पाय थांबले.

"थांबू नकोस," आई तिला म्हणाली. मग मान वर न करताच डोअरकीपरला म्हणाली, "आणि तू बाबा, बॅटरी जरा तशीच धर."